बाळंतपणाची रजा संपताना साहेबांशी काय बोलायचं, आणि त्याआधी घरात काय ठरवायचं

प्रश्न विचारणाऱ्या ताई चिपळूणजवळच्या एका गावात राहतात आणि लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्याच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, काम करतात. बाळ पाच महिन्यांचं आहे आणि रजा जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपते. नवरा ठाण्याला नोकरीला असतो, जमेल तसा शनिवार-रविवारी येतो. घरी सासू-सासरे आहेत. परवा लॅबच्या साहेबांचा फोन आला, "नक्की येताय ना? मला पाळ्या लावायच्यात." ताई फक्त "हो सर, येते" म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना काही महिने दुसरी पाळी, म्हणजे रात्री अकराला सुटणारी शिफ्ट, नको आहे. पण तसं बोललं तर वर्षअखेरीस भरायची सीनियरची जागा हातची जाईल, अशी धास्ती वाटते. त्यात सासरे म्हणतात, एवढ्या पगारासाठी कशाला ही धावपळ. म्हणून त्या विचारतात, कामावर परतताना बाळाचं कारण सांगावं की सांगूच नये?

ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कारखान्यांत आणि मासळी प्रक्रिया उद्योगात मनुष्यबळ विभागात, म्हणजे एचआरमध्ये, बरीच वर्षं काम केलं. रजेवरून परतणाऱ्या बायकांशी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बोलले आहे, आणि त्या खोलीबाहेर गेल्यावर साहेब लोक आपसात काय बोलतात तेही ऐकलं आहे. त्या अनुभवावरून सांगते. सांगावं की लपवावं हा खरा प्रश्नच नाही. तुम्हाला बाळ झालंय हे साऱ्या लॅबला माहीत आहे, ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नाही. साहेबांना माहीत नाही ते एवढंच, की जुलैपासून तुम्ही कोणत्या वेळेला, कोणत्या कामाला आणि किती भरवशाने असाल. ते तुम्ही सांगितलं नाही तर ते अंदाज बांधणार. आणि नव्या आईबद्दलचे अंदाज क्वचितच तिच्या बाजूचे असतात.

"हो सर, येते" या उत्तराने तुम्ही नकळत दुसऱ्या पाळीलाही हो म्हणून बसलात. साहेबांनी तसंच धरलं असेल तर त्यांचा दोष नाही. ही गोष्ट अजून सहज दुरुस्त होण्यासारखी आहे, फक्त पाळ्यांचा तक्ता लागायच्या आत व्हायला हवी.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. तुम्ही कंपनीच्या पटावर आहात की ठेकेदाराच्या, लॅबमध्ये माणसं किती, साहेब कसे, सासूबाईंची तब्येत कशी, बाळ रात्री झोपतं का, यातलं मला काही माहीत नाही. चार जणांच्या लॅबमध्ये एकीची पाळी बदलली की उरलेल्या तिघांचं सगळं हलतं, पंधरा जणांच्या लॅबमध्ये ते कुणाला जाणवतही नाही. त्यामुळे खाली जे लिहिते त्यातले आकडे आणि मुदती तुम्ही तुमच्या घराला आणि लॅबला बेतून घ्या.

साहेबांच्या आधी घरचं बोलणं व्हायला हवं. हे मी नेहमी आग्रहाने सांगते, कारण ऑफिसात दिलेला शब्द मोडतो तो बहुतेक वेळा घरी न झालेल्या बोलण्यामुळे. "सासूबाई आहेत ना बघायला" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. पण सासूबाई बाराही महिने मोकळ्या असतात का? तुम्ही जुलैत रुजू होताय. जुलै म्हणजे लावणी. ज्या घरात भातशेती आहे तिथे त्या दोन-तीन आठवड्यांत सासूबाई सकाळपासून चिखलात उभ्या असतात, संध्याकाळी कंबर धरून घरी येतात. त्यांनी पाच-सहा महिन्यांचं बाळ कधी सांभाळायचं? मग भाद्रपदात गणपती, मुंबईची मंडळी येणार, घर भरलेलं. ऑक्टोबरात कापणी आणि झोडणी. आंबा-काजू असेल तर मार्चपासून मेपर्यंत पुन्हा तीच गडबड. लावणीच्या दुसऱ्याच दिवशी "आज बाळाला बघायला कोणी नाही" म्हणून फोन करावा लागला, की साहेबांच्या मनात जी नोंद होते ती पुसायला वर्ष जातं.

म्हणून सासूबाईंजवळ बसून वर्षाचा तक्ता मांडा, तोंडी नको, भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा करून. लावणीच्या दिवसांत त्यांच्या जागी मजुरीवर बाई घ्यायची आणि ती मजुरी तुमच्या पगारातून द्यायची, हा तोडगा मी अनेक घरांत सुचवला आहे आणि तो चालतो. चालतो कारण सासूबाईंचं काम हेही काम आहे हे त्यातून कबूल होतं. नातवाला सांभाळणं त्यांच्या अंगावर आपोआप पडत नाही, ठरवून वाट्याला येतं. शिवाय दुसरं माणूस हेरून ठेवा. शेजारची काकू, जवळची नणंद, कोणीही. रोजच्यासाठी नव्हे, सासूबाईंना ताप आला तर काय, एवढ्यासाठी. त्या माणसाकडे बाळाला आतापासून आठवड्यातून एकदा तासभर ठेवा, म्हणजे वेळ आली तेव्हा ते अनोळखी वाटणार नाही.

नवऱ्याशी बोलताना "मदत कर" म्हणू नका. त्याच्या नावावर नेमकी कामं टाका. आपल्या चाकरमान्यांची रजा गणपती आणि शिमग्याला राखून ठेवलेली असते. यंदा त्यातले चार-पाच दिवस जुलैत, तुमच्या रुजू होण्याच्या आठवड्यात खर्च करायची, असं त्याला स्पष्ट सांगा. पहिल्या आठवड्यात बाळाजवळ बाप असला तर तुमचा अर्धा जीव भांड्यात पडेल, आणि बाळाला दूध कसं पाजायचं, कशाने झोपतं, हे त्यालाही कळेल. बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस असते. ती तारीख त्याची. बाळ आजारी पडलं तर पहिला दिवस कोणी घरी थांबायचं, दुसरा कोणी, हेही आताच ठरवा. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू धावतात, त्यामुळे "बोलावलं की येतो" यावर विसंबू नका. पहिला दिवस तुमचा आणि दुसऱ्यापासून त्याचा, असं काहीसं व्यवहार्य होईल.

सासऱ्यांच्या बोलण्याबद्दल एक गोष्ट सांगते. बहुतेक मुली याला पैशाचं उत्तर देतात. हप्ते आहेत, घराचं काम काढलंय, वगैरे. ते खरं असतंच. पण नोकरीचं सगळं समर्थन हप्त्यावर टांगलं की हप्ता फिटल्यावर तोच प्रश्न पुन्हा दारात येतो. तुम्हाला हे काम आवडतं, तुम्ही त्यात तयार झाला आहात आणि पुढे जायचंय, हे त्यांना एकदा सरळ आणि आदराने सांगा. "बाबा, मला हे काम करायचंय" हे वाक्य सुनेच्या तोंडून कदाचित त्यांनी कधी ऐकलेलंच नसेल. लगेच पटेल असं नाही. पण पुढची बोलणी निदान खऱ्या मुद्द्यावर होतील.

आता कायदा. तो माहीत असलाच पाहिजे, पण बोलण्याची सुरुवात त्याने करू नये असं माझं मत आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आली. त्याच तरतुदी पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घेतल्या आहेत. रजा तुम्हाला ठाऊक आहेच, परतल्यानंतरचे हक्क मात्र फार थोड्यांना माहीत असतात. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोजच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळते. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबाबत दोघांच्या संमतीने ठरवता येतं. रजेच्या काळात कामावरून काढणं किंवा तिच्या नोकरीच्या अटी तिचं नुकसान होईल अशा बदलणं, याला मनाई आहे. आणि संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहाच्या आधी स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, असं कार्यस्थितीविषयक २०२० च्या संहितेत म्हटलं आहे. दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. म्हणजे तुम्ही मागताय ती कुणाची मेहेरबानी नाही.

ठेकेदाराच्या पटावर असाल तरी हे लागू नाही असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरच्या कामगार बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं, की कायम नसलेल्या बायकांनाही मातृत्वाचे लाभ मिळाले पाहिजेत. २०२३ मध्ये तर करार संपल्यानंतरच्या काळासाठीही लाभ द्यावा लागतो असा निकाल त्याच न्यायालयाने दिला.

मग सुरुवात याने का नको? कारण चांगला माणूस कायद्याचं नाव काढल्याबरोबर सावध होतो. तो तुम्हाला देणं लागतो तेवढंच देतो आणि एचआरला विचारल्याशिवाय पुढचं बोलत नाही. तुम्हाला तर कायद्यात नसलेलंही काही हवंय, म्हणजे सीनियरची जागा. त्यामुळे कायदा मनात पक्का ठेवा, बोलण्यात कामाचं नियोजन ठेवा.

प्रत्यक्ष बोलणं कसं करायचं? रुजू होण्याच्या तीन आठवडे आधी, समोरासमोर. बाळाला घेऊन लॅबमध्ये भेटायला जाताय ना, त्याच फेरीत नको. त्या दिवशी सगळे बाळाभोवती असतात आणि तुम्ही आई म्हणूनच दिसता. वेगळी वेळ मागा, अर्धा तास, आणि तुमच्या हातात एक कागद असू द्या. मी अशा बोलण्यासाठी जी मांडणी शिकवते ती साधारण अशी:

"सर, मी ७ जुलैला रुजू होते. डिसेंबर अखेरपर्यंत मी जनरल (दिवसाच्या) पाळीत पूर्ण वेळ असेन. दुसरी पाळी या काळात घेऊ शकणार नाही, बाळ अजून अंगावर पितं. जानेवारीपासून पाळ्यांचं काय करायचं ते आपण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसून ठरवू. दुसऱ्या पाळीतलं माझं काम इतरांवर पडेल हे मला दिसतंय. त्या बदल्यात स्टॅबिलिटीच्या (माल किती काळ टिकतो ते बघायच्या) नमुन्यांचा साचलेला डेटा तपासणं आणि ऑडिटच्या आधीची कागदपत्रं मी अंगावर घेते. महिन्यातल्या एका रविवारच्या ड्युटीलाही येईन, रविवारी घरी नवरा असतो."

यात माफी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रात्री झोप होत नाही, सासूबाईंचे गुडघे दुखतात, असं काहीही नाही. अडचणींची यादी ऐकली की साहेब तुमच्याऐवजी त्या अडचणी सोडवायला लागतात, आणि सगळ्यात सोपं उत्तर त्यांना हे सुचतं की या बाईवर काही भार टाकू नये. वेळ, मुदत, बदल्यात काय, आणि पुन्हा कधी बसायचं, एवढ्या चार गोष्टी आल्या की पुरे. मुदत सगळ्यात महत्त्वाची. "सध्या जरा दुसरी पाळी नको" या वाक्याला शेवट नाही, म्हणून ते ऐकणाऱ्याला कायमचं वाटतं. "डिसेंबर अखेरपर्यंत" म्हटलं की त्याला तक्ता मांडता येतो.

दुसरं एक वाक्य टाळा: "काहीही करून जमवते, सर." भीतीपोटी आपण हे म्हणतो. मग ऑगस्टमध्ये कोणी आजारी पडलं की पहिला फोन तुम्हालाच येणार, आणि त्या दिवशी नाही म्हटलं तर दिलेला शब्द मोडल्यासारखं होणार. आधीच सांगितलेली मर्यादा लोक मान्य करतात.

त्याच बसण्यात सीनियरच्या जागेचाही विषय काढा. हे सांगताना मी सगळ्यात जास्त आग्रही असते. बायकांना बढती नाकारली जाते तेव्हा त्यामागे दरवेळी दुष्टावा असतो असं नाही. मी बसले होते त्या बैठकांमध्ये अनेकदा हे वाक्य ऐकलं आहे: "तिचं बाळ लहान आहे, आत्ता कशाला तिच्यावर ओझं, पुढच्या वर्षी बघू." बोलणारा मनापासून भलं चिंतत असतो. तिला विचारलेलं मात्र कोणी नसतं. पुढच्या वर्षी जागाच नसते, किंवा दुसरा कोणी वर बसलेला असतो. यावर उपाय एकच, तुमच्या वतीने दुसऱ्याने ठरवायच्या आत तुम्ही बोलायचं. "सर, सीनियरच्या जागेसाठी मला विचारात घ्यावं अशी माझी इच्छा आहे. पाळीची सवलत आणि ही जागा, दोन्ही मी एकत्र मागते आहे, कारण सवलत सहा महिन्यांची आहे आणि जागा पुढच्या कित्येक वर्षांची. माझ्यात काय कमी दिसतंय ते आत्ता सांगा, म्हणजे तेवढ्या वेळात भरून काढीन."

ते "बघू" म्हणाले तर सोडू नका. "कोणत्या गोष्टी बघून ठरवाल?" असं विचारा. तुमच्या कामात सीनियर होणारी व्यक्ती ओळखली जाते ती निकाल मर्यादेबाहेर आला तर त्याचा तपास कोण करतं, नवी पद्धत कोण बसवतं, बाहेरच्या ऑडिटरसमोर कोण उभं राहतं, यावरून. जनरल पाळीत हीच कामं होतात, रात्री अकराला नाही. म्हणजे सवलतीचे सहा महिने तुमच्या बढतीच्या विरोधात जाण्याऐवजी तिच्या बाजूनेही जाऊ शकतात, जर काम निवडून घेतलं तर. निवडलं नाही तर तुमच्याकडे लेबलं लावणं आणि रजिस्टर भरणं येईल, आणि डिसेंबरमध्ये दाखवायला काही नसेल.

तुमच्या लॅबपुरता आणखी एक मुद्दा आहे, जो तुम्ही प्रश्नात लिहिला नाहीत पण मला लिहावासा वाटतो. बाळ अंगावर पीत असताना तुम्ही कोणत्या रसायनांत हात घालताय? प्रत्येक रसायनाच्या सेफ्टी डेटा शीटच्या, म्हणजे सुरक्षेच्या माहितीपत्रकाच्या, दुसऱ्या विभागात धोक्याचे कोड असतात. एच३६० आणि एच३६१ हे प्रजननक्षमतेला आणि गर्भाला असलेल्या धोक्याचे, आणि एच३६२ हा खास अंगावर पिणाऱ्या बाळाला अपाय होऊ शकतो असं सांगणारा. टोल्युइनसारख्या नेहमीच्या द्रावकावर एच३६१ असतो. एच३६२ नसला म्हणजे ते दुधात उतरतच नाही असं समजू नका, चरबीत विरघळणारी द्रावकं उतरू शकतात. तुम्ही हाताळता त्या रसायनांची यादी काढा, शीट्स घ्या आणि कारखान्याच्या डॉक्टरांकडे जा. फ्यूम हुडमधली (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातली), द्रावक काढण्याची कामं काही महिने दुसऱ्याकडे द्यायची का, हे त्यांनी लिहून दिलं तर साहेबांनाही सोपं जातं. हे मागणं लाडाचं नाही, सुरक्षेचं आहे, आणि रासायनिक कारखान्यात सुरक्षेची भाषा सगळ्यांना कळते.

दुधाचं व्यवहारात असं. काढलेलं दूध बाहेर साधारण चार तास टिकतं, तेही हवा २५ अंशांपर्यंत असेल तर. आपल्याकडे पावसाळ्यातही घरात त्याहून जास्त असतं, तेव्हा चार तासांचा भरवसा धरू नका. बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत ते दिवसभर चालतं, फ्रीजमध्ये चार दिवस. पावसात वीज गेली की फ्रीजचा हिशोब कोलमडतो, म्हणून साठा मोठा ठेवू नका. कारखान्यात लॅबचा फ्रीज दुधासाठी चुकूनही वापरायचा नाही, त्यात नमुने आणि रसायनं असतात. कॅन्टीनचा किंवा प्रथमोपचार खोलीचा विचारा. दार आतून बंद होणारी एक खोली, दिवसातून दोनदा वीस मिनिटं, हे एचआरकडे मागताना लाजू नका. तुमच्यानंतर येणाऱ्या मुलीला ते मागावं लागणार नाही. बाळ सहा महिन्यांचं झालं की नाचणीसत्त्व, मऊ भात सुरू होईल, तेव्हा ताण थोडा उतरतो. तोवर सासूबाईंना वाटी-चमच्याने दूध पाजायचा सराव आताच होऊ द्या.

सहकाऱ्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही, पण परतलेल्या बाईचे पहिले सहा महिने सुखाचे जातात की नाही हे साहेबांपेक्षा सहकाऱ्यांवर ठरतं. तुमची दुसरी पाळी कोण घेणार? बहुतेक वेळा लॅबमधला सगळ्यात तरुण मुलगा, नाहीतर बिनलग्नाची एखादी मुलगी, जिला सगळे "तुला काय, तू मोकळीच" म्हणतात. तिलाही घर असतं, कदाचित आजारी आई असते. तक्ता लागल्यावर तिला फळ्यावरून कळण्याऐवजी तुमच्या तोंडून कळू द्या. "माझ्या पाळ्या डिसेंबरपर्यंत तुझ्याकडे येतायत. गणपतीत तुला हवे ते दोन दिवस आणि महिन्यातला एक रविवार मी घेते." गणपतीचे दिवस सोडून देणं म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तसं काही दिलंत तर मनात राग साठत नाही. नुसत्या "थँक यू गं"ने तो साठतो, आणि मग "ती काय, पाचच्या ठोक्याला निघते" अशी कुजबूज सुरू होते.

पाचच्या ठोक्याला निघण्यावरूनही बोलते. निघा. कंपनीची बस चुकली आणि पावसात परशुराम घाटात काही झालं तर तुम्ही घरी कधी पोहोचाल याचा नेम नसतो. तो घाट पावसाळ्यात दरडींसाठी प्रसिद्ध आहे, आणि साहेबही त्याच रस्त्याने जात असतील. पण निघताना गुपचूप पर्स उचलून जाऊ नका. साडेचारलाच दिवसाचं काम कुठे आलं, काय बाकी आहे, उद्या कोण पुढे नेणार, हे तीन ओळींत साहेबांना आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाला मेल करा. महिनाभर रोज केलंत की तुम्ही किती वाजता गेलात हा विषयच मागे पडतो, काम कुठे आलं हाच विषय राहतो. शिवाय वर्षअखेरीच्या मूल्यमापनात याच मेल तुमची साक्ष देतील. मूल्यमापनाबद्दल एवढंच, की तुम्ही सहाच महिने कामावर होतात तर त्या सहा महिन्यांच्या कामावर गुण द्या असं लेखी मागा. रजेचा काळ शून्य धरून सरासरी काढलेली मी पाहिली आहे, आणि बाईने विचारलं तेव्हा दुरुस्त झालेलीही पाहिली आहे.

ज्यांचं काम वेगळं आहे अशा वाचणाऱ्यांसाठी थोडं. प्रत्येक धंद्याचा हंगाम असतो, तो बघून मागणी करा. मासळी प्रक्रियेत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कमी तास मागितले तर सहज मिळतात. ऑगस्टपासून माल यायला लागला की नाही मिळत. मालवण-तारकर्लीकडच्या हॉटेलांत पावसाळा मोकळा आणि दिवाळीपासून मेपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. मोकळ्या दिवसांत सवलत मागून गर्दीच्या दिवसांत हजर राहण्याचा शब्द देणं मालकाला पटतं.

आणि ज्या मुली बाळासाठी नोकरी सोडून दोन-तीन वर्षांनी पुन्हा मुलाखतीला निघाल्यात, त्यांना "मूल लहान आहे, कसं जमणार?" हे विचारलं जाणारच. चिडू नका, तपशीलही देऊ नका. "बाळाची सोय झालेली आहे, अडचणीच्या दिवसासाठी दुसरी सोयही आहे. मी नऊ ते साडेपाच पूर्ण वेळ देऊ शकते." एवढं बोलून थांबा आणि लगेच कामाबद्दल काहीतरी विचारा. बायोडाटात मधली वर्षं एका ओळीत सरळ लिहा, "कौटुंबिक जबाबदारीसाठी विराम, २०२२ ते २०२४". त्या काळात बचत गटाचे हिशोब ठेवले असतील, कोकम-आमसुलांचा माल पाठवला असेल तर लिहा, नसेल केलं तर ओढूनताणून काही लिहू नका.

ताई, पुन्हा तुमच्याकडे येते. साहेब "नाही" म्हणाले तर? पहिल्या बैठकीत नाही आलं तर वाद घालू नका. "कोणत्या भागाला अडचण आहे?" विचारा. कधी सहा महिन्यांना नाही असतं पण तीनला हो असतं, कधी रविवारच्या एकाऐवजी दोन ड्युट्यांना हो असतं. जे ठरेल, किंवा जे ठरलं नाही, ते त्याच दिवशी मेलने लिहून पाठवा: "आज आपलं असं बोलणं झालं, माझी समज अशी आहे, चुकत असेल तर कळवा." एचआरला प्रत ठेवा. बढतीबद्दलचं वाक्यही त्याच मेलमध्ये असू द्या. मग एचआरशी बसा, आणि कायदा तिथे काढा, आवाज न चढवता, कलमं छापून नेऊन. एचआरचा माणूस संमतीशिवाय रात्री अकरापर्यंतची पाळी लावली हे लेखी यायला नको म्हणून स्वतःच साहेबांशी बोलतो, असा माझा अनुभव आहे. तरीही तोडगा निघाला नाही तर कामगार विभागाच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करता येतो. पण तिथे जाताना तुमच्या हातात तारखांसह मेल हव्यात, म्हणून पहिली मेल त्या फोनबद्दलची असू द्या, आणि ती आजच पाठवा: "सर, परवा फोनवर मी येते म्हटलं, पण पाळ्यांबद्दल बोलायचं राहिलं. तक्ता लावण्याआधी अर्धा तास द्याल का?"